कास्ट आयर्न बुलेट की येझदी रोडकिंग? गोव्यात पहिली जुनी मोटारसायकल घेताना

कास्ट आयर्नची, म्हणजे ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट ३५० आणि टू स्ट्रोक येझदी रोडकिंग, दोन्ही चालवायला झकास. फरक आहे तो त्या बिघडतात कशा यात.

बुलेटचं ३४६ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन तेल गाळतं, हे धरूनच चाला. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कव्हर आणि प्रायमरी चेनचं (इंजिनापासून क्लचपर्यंतच्या साखळीचं) कव्हर या दोन जागा नेहमीच्या. पॅकिंग आणि रबर बदललं की गळती आटोक्यात येते, त्यामुळे थेंबावरून भाव पाडा, गाडी सोडू नका. बरेच दिवस उभी असलेली बुलेट पहिल्या किकनंतर निळा धूर ओकते, कारण इंजिन ऑइलच्या टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरलेलं असतं. दोन-चार मिनिटांत धूर निवळला तर काळजी नाही. गाडी सोडायची ती बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, आवाजावर. इंजिन तापवा, वरच्या गिअरमध्ये चढावर थोडा थ्रॉटल द्या. खालून जड ठकठक आली तर तिथलं बुश गेलं समजा, म्हणजे अख्खं इंजिन उघडणं आलं. टॅपेटची टिकटिक वेगळी, ती अर्ध्या तासात जुळते: थंड इंजिनात पुशरॉड (व्हॉल्व्हकडे जाणारी दांडी) बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. चार गिअरच्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी नेण्याआधी मोकळ्या रस्त्यावर हात बसवा.

रोडकिंग हलकी आणि चपळ. सायलेन्सर दोन, आणि किक व गिअर एकाच दांड्यावर. हिची दुखरी नस म्हणजे क्रँकचे ऑइल सील. वर्षानुवर्षं उभी राहिली की सीलचं रबर कडक होतं. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. टू स्ट्रोकला सुरुवातीला पांढरा धूर असतोच, पण दहा मिनिटं चालवूनही तो दाट राहिला आणि गिअर ऑइलची पातळी उतरत असली तर दुसरं कारण शोधू नका. मॅग्नेटोकडचं सील गेलं तर उलट हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिन चढंच राहतं आणि एक दिवस पिस्टन जॅम होतो. सील स्वस्त आहेत, पण ते बदलायला इंजिन दुभागावं लागतं. येझदीचं काम जाणणारा मिस्त्री जवळपास नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. नवे म्हणून मिळणारे पार्ट बहुतेक नकली साच्यातले असतात. बुलेटचे सुटे भाग मात्र मडगाव-पणजीतही मिळतात.

खाऱ्या हवेत गंज दोघींना सारखाच. नवा रंग बघून भुलू नका. मडगार्डच्या आतून हात फिरवा, टाकीच्या तळाशी टॉर्च मारा, रिमवर स्पोक बसतात ती भोकं पाहा. बुलेटच्या पुढच्या मडगार्डवर रंगाखाली पिवळा थर दिसला तर ती पायलटची, म्हणजे गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याची, गाडी होती. इंजिनाने भरपूर किलोमीटर ओढले असणार, आणि कागदावर ती अजून टॅक्सी नाही ना, हे आरसी बुकात तपासा. चासी नंबर कागदाशी अक्षरन् अक्षर जुळवा. नंबराच्या आसपास ग्राइंडरचे ओरखडे दिसले की तिथूनच परत फिरा.

मालक वारला असेल तर फॉर्म ३१ (गाडी वारसाच्या नावे करायचा अर्ज) आणि वारसांचे कागद आधी, पैसे नंतर. परराज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स भावात धरा. व्हीए मालिकेची व्हिंटेज नंबरपाटी फक्त ५० वर्षांवरच्या गाडीला मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि रोजच्या वापराला मनाई आहे. रोडकिंग १९७८ नंतरची, त्यामुळे तिला ही पाटी इतक्यात नाही. साठच्या दशकातली किंवा सत्तरच्या सुरुवातीची बुलेट मात्र बसू शकते.

रोज नाही पण महिन्यातून चार-पाचदा चालवायची असेल तर आमचा कौल बुलेटला. रोडकिंग घेतलीच, तर पावसाळ्यात उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवा. नाहीतर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि त्यात मिसळलेलं टू-टी ऑइल मागे राहून जेट (पेट्रोलचं बारीक भोक) बुजवतं.