पुढचा रेस्ट की मागची पिशवी: पैसे आधी कशात घालावेत?

नाशिकमध्ये बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून केलेली नेमबाजी, सुरू करणाऱ्यापुढे टेकूचे तीन पर्याय असतात. पुढे-मागे दोन्हीकडे सँडबॅग. किंवा पुढे स्क्रूने वर-खाली होणारा तीन पायांचा जड रेस्ट आणि मागे सशाच्या कानांची पिशवी, म्हणजे दोन उभ्या कानांमध्ये दस्ता धरणारी. किंवा अख्खी रायफल एकाच सांगाड्यात बसवणारा वन-पीस. पहिले दोन मी वापरलेत, तिसरा दुसऱ्याच्या टेबलावर चार-दोनदा. माझं मत आधीच सांगतो: मिरवायला पुढचा रेस्ट, ग्रुप, म्हणजे एका नेमावर मारलेल्या गोळ्यांचा झुबका, बिघडवायला मागची पिशवी.

हिशेब करून बघा. दोन टेकूंमध्ये ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि नेम धरून झाल्यावर दस्ता एक मिलिमीटर खाली बसला, तर ५० मीटरवर गोळी ८३ मिलिमीटर वर लागते. १० मीटरवरही जवळपास १७. पुढचं टोक हललं तरी गणित हेच, पण पुढे लोखंड असतं. मागे तुमचा गाल, खांदा, श्वास आणि एक हात.

नुसत्या सँडबॅग स्वस्तात पडतात. जुन्या जीन्सच्या पायाच्या शिवल्या तरी चालतात. उंचीसाठी खाली फळ्या सारायच्या, दर काही गोळ्यांनी पिशवी थापटून पुन्हा नेम लावायचा, एवढा त्रास. महिन्यातून दोनदा .२२ किंवा पीसीपी (आधी दाबाने हवा भरून ठेवलेली) एअर रायफल घेऊन बसणाऱ्याला हे पुरे. फक्त भरताना घाई नको. मी पहिल्यांदा बांधकामावरची वाळू तशीच भरली, तीही जूनमध्ये. ऑगस्टपर्यंत पिशवीला कुबट वास आणि शिवणीतून टेबलभर धूळ! वाळू धुवावी, गच्चीवर दोन कडक उन्हं द्यावीत, बारीक चाळणीने धूळ काढावी आणि मग ठासून भरावी. तांदूळ-गहू भरायचा सल्ला मिळतो. पावसाळ्यात त्याला सोंडे लागले की कळेल. प्लास्टिकचे दाणे ने-आण करायला हलके, पण पिशवी जागेवरून सरकते.

तीन पायांच्या रेस्टचा खरा फायदा म्हणजे पुढचा अडथळा. प्रत्येक गोळीनंतर रायफल त्याला टेकवली की ती पुन्हा त्याच जागी येते. वजन जितकं जास्त तितकं बरं. इथे हलकेपणा हा दोषच. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमधून करून घेणार असाल तर दोन गोष्टी बजावून सांगा: पायांना टोकदार स्क्रू हवेत आणि उंचीच्या आट्यांमधली ढिलाई काढायला लॉकनट हवा. ढिला स्क्रू असलेल्या रेस्टपेक्षा सँडबॅग परवडली. रायफलचा पुढचा भाग खालून गोल असेल तर सपाट पिशवीवर तो डुलतो; अशा रायफलसाठी महागडा रेस्ट घेऊ नका. मागच्या कानांवर थोडी टाल्कम पावडर चोळली की दस्ता अडकत नाही, सरळ मागे येतो.

वन-पीस फक्त रायफल किंवा गोळ्यांचा लॉट तपासायचा असेल तर. माणसाची चूक त्यात बरीचशी झाकली जाते. स्पर्धेचा विचार असेल तर नियमावली आधी वाचा. काही ठिकाणी पुढचा आणि मागचा टेकू वेगळेच लागतात.

स्प्रिंगवाल्या एअर रायफलला मात्र तिन्हींचं वावडं. पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आतच ती मागे-पुढे धक्के खाते, आणि कडक टेकूवर तो धक्का दर वेळी वेगळा उसळतो. पिशवी आणि रायफल यांच्यामध्ये उघडा तळहात ठेवा, घट्ट धरू नका, मागे येऊ द्या. या पद्धतीचं नावच तोफेवरून पडलंय: आर्टिलरी होल्ड. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्राच्या शेजाऱ्यांना तोफ मागे कशी येते ते वेगळं सांगायला नको.

माझ्या हिशेबाने आधी चांगली, जड, कडक भरलेली मागची पिशवी घ्या, पुढे घरी शिवलेली चालवा. रेस्ट सहा महिन्यांनी. एवढं करूनही ग्रुप पसरला तर नळी पिशवीला टेकलेली नाही ना, आणि पट्टा अडकवायचा हूक धक्क्याने मागे येताना पुढच्या पिशवीवर आपटत नाही ना, ते बघा. माझा आठवडा त्या हुकाने खाल्ला होता.