किनाऱ्यावरच्या सुट्टीत पक्षी पाहण्यासाठी: ८×२५ की ८×४२ दुर्बीण?

दोन्ही दुर्बिणी पक्षी आठपट मोठाच दाखवतात. फरक आहे तो पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, २५ की ४२ मिलिमीटर. भर उन्हात लहान दुर्बीण पुरते, खिशात मावते, आणि ओसरत्या लाटेमागे धावत वाळूत चोच खुपसणारा तुतवार तिच्यातूनही स्वच्छ दिसतो. मात्र पक्ष्यांची खरी लगबग पहाटे आणि सांजवेळी असते, आणि तेव्हा डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशझोत लहान दुर्बिणीत जेमतेम ३ मिलिमीटर, तर मोठ्या दुर्बिणीत ५ मिलिमीटरहून अधिक रुंद असतो. खारफुटीच्या सावलीत निश्चल बसलेल्या खंड्याच्या पाठीवरचा निळा रंग मला मोठ्या दुर्बिणीतूनच उमगला. तिचे वजन मानेला जाणवते, तरीही मी तीच नेईन. फक्त ती जलरोधक असावी आणि भिंगावरची वाळू पुसण्याआधी मऊ ब्रशने झटकावी, नाहीतर भिंगावर ओरखडे उठतात.