ब्रोकन हिलचं बेल्स मिल्क बार : घट्ट शेकवाल्यांनी आधी हे वाचा

आधीच सांगून ठेवते, म्हणजे सहा तास गाडी हाकून पोचल्यावर मला शिव्या घालणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल गावच्या या मिल्क बारमध्ये, म्हणजे शेक-सोड्याच्या दुकानात, मिल्कशेक घट्ट नसतो. चमच्यानं मस्तानी खाणाऱ्या आपल्या जिभेला पहिल्या घोटाला वाटतं, हे तर दूधच आहे! तर हो, दूधच आहे. ऑस्ट्रेलियातला जुन्या पद्धतीचा मिल्कशेक म्हणजे गार दूध, सिरप, आइस्क्रीमचा एखादा गोळा आणि वर भरपूर फेस. घट्ट हवा असेल तर त्याला इथे थिकशेक म्हणतात, ती वेगळी जात.

आम्ही ॲडलेडहून गेलो, पाचशे किलोमीटरच्या वर. आई दादरहून तीन महिन्यांसाठी आलेली. वाटेत एका पंपावर नवऱ्यानं हौसेनं तिला आइस्ड टीची बाटली घेऊन दिली. एक घोट घेऊन तिनं झाकण लावलं. "खोकल्याच्या औषधात पाणी घातलंय. चहाचा काय संबंध?" पुढचे दोनशे किलोमीटर ती बाटली सीटखाली गडगडत होती.

गावात शिरल्यावर मात्र बाईंचा नूर पालटला. ब्रोकन हिल हे चांदी, शिसं, जस्ताच्या खाणींचं गाव, आणि रस्त्यांची नावं ऑक्साइड, सल्फाइड, क्लोराइड, ब्रोमाइड. आई अडतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. आयोडाइड स्ट्रीटच्या पाटीखाली फोटो काढल्याशिवाय ती पुढे हलेना. राज्य न्यू साउथ वेल्स, पण घड्याळ ॲडलेडचंच, त्यामुळे फोनशी भांडावं लागलं नाही.

बेल्स आहे खाणीच्या टेकाडापलीकडे, दक्षिण भागात, पॅटन स्ट्रीटवर. धंदा 1892 पासूनचा, पण आत शिरलात की पन्नासचं दशक. गुळगुळीत सनमायकाची टेबलं, रेक्झिनच्या खुर्च्या, निऑनची पाटी. हल्ली जुन्या जमान्याचा देखावा उभा करणारी कॅफे ढीगभर झाली आहेत. तिथे खुर्ची नवी असते आणि ओरखडे मुद्दाम काढलेले. इथे सामान बसल्या जागीच म्हातारं झालंय. शेजारच्या खोलीत छोटं संग्रहालयही आहे. आणि मुख्य म्हणजे सिरप ते स्वतः बनवतात, जुन्या कृतींवरून.

लेकीनं स्पायडर मागवला. आईनं माझ्या कानात विचारलं, "शाकाहारी आहे ना?" स्पायडर म्हणजे सोड्यात आइस्क्रीम. गोळा पडला की फेस सरसरत ग्लासाच्या काठावर येतो आणि आधी तोंड लावावं लागतं, मग स्ट्रॉ. हिरवागार लाइमचा होता. लेकीच्या मिशा दिवसभर हिरव्या.

आईसाठी मी व्हॅनिला माल्ट सांगितला. माल्ट म्हणजे हॉर्लिक्सच्या घराण्यातली पावडर. दुधाला भाजल्यासारखी खमंग चव येते. माझं ऐकाल तर माल्ट घालूनच घ्या. शेक येतो तो धातूच्या उंच पेल्यात, ज्यात घुसळला त्यातच. पेला इतका गार की बोटं आलटून-पालटून धरावा लागतो. एक पेला दोघांत पुरे. मी एकटीनं चॉकलेटचा संपवला आणि रात्री जेवले नाही.

मिल्क बार हा प्रकार इथे रुजवला ग्रीकांनी. 1932 साली सिडनीच्या मार्टिन प्लेसमध्ये मिक ॲडम्स नावाच्या ग्रीक माणसानं 'ब्लॅक अँड व्हाइट' उघडलं. चार पेन्सला शेक, तोही उभ्यानं प्यायचा. मग कोपऱ्याकोपऱ्यावर मिल्क बार झाले आणि पुढे सुपरमार्केटांनी बरेचसे गिळले.

हे मी आईला सांगत होते, तर तिचं लक्षच नव्हतं. अर्धा पेला झाल्यावर म्हणाली, "अगं, ही तर आपली एनर्जी!" आरे डेअरीच्या स्टॉलवरची, बाटलीतल्या सुगंधी दुधाची. लोकल यायच्या आत उभ्या उभ्या संपवायची, आणि काचेची बाटली परत द्यायची. शाळेतून घरी जाताना महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी. आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. "तुम्हा दोघांना न देता प्यायचे ना," म्हणाली.

नवरा बिल द्यायला उठला, तोवर तिनं पेल्याच्या तळाचा फेस निपटला होता. मग रिकामा पेला घेऊन स्वतः काउंटरपाशी गेली आणि तो परत देऊन आली.