धुराड्यात गिलावा की पाइप?

बंद लोखंडी शेगडी घ्यायचं ठरलं असेल तर खरा घोळ पुढेच आहे. जुन्या घराच्या विटांच्या धुराड्याचं काय करायचं? गवंडी म्हणतो आतून गिलावा करू, वेल्डर म्हणतो स्टीलचा पाइप सोडू. मी दोन्ही केलंय. आधी गिलावा, तीन वर्षांनी पाइप.

आमचं घर औसा तालुक्यात. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात धुराडं पडलं नाही, पण माडीच्या उंचीवर चिरलं.

गिलाव्याची बाजू अगदीच लंगडी नाही. स्वस्तात होतो, माणूस गावातच मिळतो, दोन दिवसांत काम संपतं. फक्त सिमेंट वापरू देऊ नका, धगीनं पोपडे सुटतात. चुना किंवा भुसा कालवलेली माती बरी. अडचण अशी, की फूटभर चौरस धुराड्यात गवंड्याचा हात वरून थोडा पोचतो, खालून थोडा पोचतो, मधलं सगळं देवाच्या भरवशावर. आणि आमची भेग नेमकी मधेच.

पण माझा निर्णय भेगेनं नाही, ओघळांनी केला. दिवाळीला माडीच्या भिंतीला चुना दिला की संक्रांतीपर्यंत त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ. पुन्हा चुना, पुन्हा ओघळ. ऑइलपेंट मारला तर त्यालाच फोड आले. बोट लावलं तर चिकट, आणि जळकट वास साबणानंही जाईना. काकू म्हणायच्या, "असू दे की, धुरानं ज्वारीला किडा लागत न्हाई." ते ठीक, पण वाकळांनाही तोच वास. माडीवर झोपलेला पाहुणा सकाळी हमखास विचारायचा, रात्री काही जळालं का?

कारण उशिरा कळलं. शेगडीचा धूर सहा इंची तोंडातून फूटभर चौरस धुराड्यात शिरला की त्याला पाचपट जागा मिळते. तो रेंगाळतो, गार होतो आणि लाकडातली वाफ नि डांबर भिंतीत मुरतं. उघड्या चुलीला हे फारसं जाणवत नाही, कारण धुराबरोबर घरातली पुष्कळ हवाही वर जाते. बंद शेगडीत हवा मोजकी. तुराट्या वाळलेल्या असल्या तर भडकून जळतात, त्यांचा त्रास कमी. पण रात्रभर धग राहावी म्हणून ओली बाभूळ घालून दार लावलं की डांबर आलंच. ते साचून पेटलं तर शेजारी माळवदाच्या तुळया आहेत, हेही डोक्यात असू द्या.

पाइपचा खर्च आम्हाला गिलाव्याच्या चौपट पडला, हे लपवत नाही. शिवाय धुराड्याला मधे वळण असेल तर सरळ पाइप उतरतच नाही. पैसे वाचवायला जस्ती पत्र्याचा पाइप मात्र नको. चुलतभावाचा तीन पावसाळ्यांत चाळणी झाला, आणि शेगडीच्या तोंडाशी तर तो नकोच, जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं. स्टीलचाच घ्या, आणि तोंडाइतक्याच मापाचा. खाली झाकणाचा तुकडा ठेवायला लावा, नाहीतर काजळी काढायला दर वेळी शेगडी हलवावी लागेल.

सांधे जोडताना समोर उभे राहा. वरच्या पाइपचं टोक खालच्याच्या आत जायला हवं. आमच्या वेल्डरनं उलट केलं, धूर बाहेर येऊ नये म्हणे. धूर वर गेला, पण डांबर खाली आलं आणि सांध्यातून टपटप तापल्या शेगडीवर. सगळं उतरवून पुन्हा बसवलं.

तरी माझं मन पाइपकडेच. दोन दिवाळ्या झाल्या, माडीची भिंत पांढरी आहे. तुमचं धुराडं धड असेल, बाहेरच्या भिंतीत असेल आणि वर माडीच नसेल, तर गिलाव्यावर भागेलही. गवंड्याला बोलावण्याआधी धुराड्याच्या डोक्यावरून दोरीला बॅटरी बांधून आत सोडा आणि मधला भाग एकदा स्वतः बघा.