वर्षकुंडलीतील भाव: राशीनिहाय की प्लॅसिडस?

सूर्य जन्मकालीन अंशांवर परत येतो त्या क्षणाची वर्षकुंडली मांडताना भाव (कुंडलीची बारा घरे) राशीनिहाय (एक रास म्हणजे एक भाव) धरावेत की प्लॅसिडस पद्धतीने (वेळेच्या हिशेबाने विभागलेले, कमी-जास्त अंशांचे भाव), यावर फलिताचा रोख ठरतो. जन्मवेळ चार मिनिटांनी चुकली, तर वर्षलग्न (त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश) सरासरी १ अंशाने सरकते. ते राशीच्या सीमेवर नसेल तर राशीनिहाय भाव तसेच राहतात, प्लॅसिडसमध्ये मात्र भावारंभ हलून संधीवरचा (दोन भावांच्या सीमेवरचा) ग्रह शेजारच्या भावात जाऊ शकतो. दरवर्षी एक रास पुढे जाणारी मुंथाही (वर्षफलासाठी धरला जाणारा गणिती बिंदू) राशीनिहाय मांडणीतच सहज बसते. प्लॅसिडसची जमेची बाजू अशी, की दशमारंभ (दहाव्या, म्हणजे नोकरी-व्यवसायाच्या भावाचा आरंभ) नेमका मध्यान्हवृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर वृत्तावर) येतो (राशीनिहाय मांडणीत तो बिंदू नवमात किंवा एकादशातही पडतो), म्हणून नोकरीच्या प्रश्नाला मी तीच कुंडली आधी पाहतो. ध्रुववृत्तांपलीकडे, सुमारे ६६.५ अक्षांशांनंतर, मात्र तिचे गणितच नीट लागत नाही.