‘किडनी सुधार’ शिबिरांतला क्रिएटिनिनचा खेळ

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत, मंगल कार्यालयांत ‘औषधाविना हृदय-किडनी सुधार’ अशी शिबिरं भरतात. बीपी-शुगर फुकट तपासतात आणि मग तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारतात: आहाराचा तक्ता, दोन डबे पावडर, एक काढा, सैंधवाची पिशवी. पैसे सगळे आगाऊ. यात फसणारी माणसं अडाणी नसतात. त्यांच्या हातात लॅबचा खरा रिपोर्ट असतो आणि क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी अधू झाली की तो साठून आकडा चढतो) खरोखरच २.४ वरून १.९ वर आलेलं असतं. फसवणूक तिथेच आहे.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, शिजवलेल्या मटणातूनही येतं. पहिला नमुना घेतात शिबिराच्या दिवशी, जेवण झाल्यावर. दुसरा घेतात मटण, मासे, डाळ आठवडेच्या आठवडे तोडल्यावर, उपाशीपोटी. मधल्या काळात वजन उतरलेलं असतं, म्हणजे चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. आकडा उतरणारच, किडनी होती तिथेच आहे.

दुसरी खेळी जास्त घातक. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या किडनीच्या गाळणीतला दाब कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढू शकतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण लांबच्या पल्ल्यात किडनी त्याच गोळ्यांनी टिकते. शिबिरवाला म्हणतो, “काका, या गोळ्यांनीच किडनी गेली, आधी बंद करा.” बंद केली की आकडा खाली येतो आणि पेशंट खूश. बीपी आणि लघवीतून जाणारं प्रथिन मात्र वर चाललेलं असतं, ते बघायला कुणाला सवड आहे? म्हणून ‘आधी-नंतर’चे रिपोर्ट दाखवले की युरिन एसीआर, म्हणजे लघवीतलं प्रथिन मोजणारी तपासणी, मागा. ३० च्या आत नॉर्मल, ३०० च्या वर गंभीर. तरी शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी करून घ्या, मटण खाल्ल्या-सोडल्याने ते हलत नाही.

तक्ताही सगळ्यांना एकच: नुसतं बीपी असलेल्यालाही तोच आणि क्रिएटिनिन ४ असलेल्यालाही तोच. सकाळी शहाळं, मग पालकाचा रस, दुपारी टोमॅटोचं सूप, वर केळं. एका शहाळ्यातच ५००-६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असू शकतं. चांगली किडनी ते बाहेर टाकते, अधू किडनीत ते साठतं. रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ हवं. ६ च्या पुढे गेलं की हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. टेल्मिसार्टन चालू असेल तर ते आणखी लवकर चढतं. कमरखाचा रस तर अधू किडनीवाल्याने तोंडालाही लावू नये; न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येतात. सैंधव म्हणजे जवळपास सगळं साधं मीठच, त्याने सोडियम वाचत नाही. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे तिकडूनही तोच धोका.

पडद्यावर अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांचा हृदयरोगावरचा १९९० चा अभ्यास दाखवतात. अभ्यास खरा आहे, पण रुग्णांची संख्या पन्नासच्या आत होती. त्यात अगदी कमी चरबीचं शाकाहारी जेवण, व्यायाम, ध्यान, गटाचा आधार आणि विडी-सिगारेट बंद, एवढंच होतं. पावडरचा डबा त्यात कुठेच नव्हता! हृदयाच्या पेशंटला ‘नैसर्गिक बायपास’ म्हणून पायांना पट्टे बांधायचं मशीन विकतात. काहींच्या छातीतलं दुखणं त्याने कमी होतं, ब्लॉक उघडत नाही.

जेवणाने फायदा होतोच, पण तो असा फुकटातला. दिवसाचं मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, सांडगे धरायचे. पोटॅशियम चढलं असेल तर भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. प्रथिनं दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८. डायलिसिस सुरू झालं की उलट १ ते १.२ लागतात, तेव्हा डाळ तोडणारा तक्ता माणसाला झिजवतो.

डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर खाद्यपदार्थाच्या परवान्याचा असतो, औषधाचा नव्हे. हृदयरोग, रक्तदाब, मधुमेह बरा करतो अशा औषधाच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून फलकाचा फोटो काढून ठेवा.

आपल्याकडे आणखी एक गोम आहे. पावतीवर पत्ता कोल्हापूरचा, शिबिर चिकोडीत, बँक खातं तिसऱ्याच गावचं. “खटला महाराष्ट्रात चालवावा लागेल,” असं सांगून लोकांना परतवतात. ते खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातही, तक्रार करता येते. मुदत २ वर्षं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. उरलेली पावडर रागाने गटारात ओतू नका. ती लेबलसकट आधी डॉक्टरांना दाखवा, कारण भस्मात शिसं-पारा आणि ‘वनस्पती’ पावडरीत स्टिरॉइड सापडलेलं आहे. स्टिरॉइड असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.