तपासणी कुठे करावी: खासगी क्लिनिक की पालिकेचं रुग्णालय?

लेकरू तोंडी सगळं सांगतं, लिहायला बसलं की अडतं. ही अध्ययन अक्षमता (लिहिण्या-वाचण्यातली अडचण) तर नाही ना, हे तपासायला मुंबईतल्या पालकांपुढे मग दोन वाटा असतात. खासगी क्लिनिकमध्ये तारीख लवकर मिळते, पण खर्च हजारांत. पालिकेच्या रुग्णालयात रांग मोठी, फेऱ्या अनेक, म्हणजे आईबाबांच्या रजा आल्याच. तरीही माझा कौल तिकडेच. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा, तर शीव, नायरसारख्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र कामी येतं. नुसता खासगी अहवाल सहसा पुरत नाही. म्हणून नाव आठवीतच नोंदवा.

स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका असेल तर मात्र थांबू नका. जिथे आधी तारीख मिळेल तिथे जा, थेरपी सुरू करा, प्रमाणपत्र मागाहून.

आणि चाचणी मराठीत आहे का, हे दोन्हीकडे विचाराच. मराठी माध्यमाच्या मुलाला फक्त इंग्रजीतून जोखणं अन्याय आहे. २०१५ साली आलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातल्या अक्षमतेची, चाचणी मराठीतही आहे.